‘ऑल्वेज ऑन माय माइंड’ गाण्याआधी माफी कोण मागतंय ते ठरवा

रिसेप्शनच्या गाण्यांची यादी घेऊन नवरा मुलगा माझ्याकडे येतो आणि ‘फर्स्ट डान्स’च्या पुढे ‘ऑल्वेज ऑन माय माइंड’ लिहिलेलं असतं, तेव्हा मी एकच विचारतो, शब्द वाचलेत का? बहुतेकांनी वाचलेले नसतात. नाव गोड, चाल गोड, गाणारा एल्विस प्रेस्ली ओळखीचा, झालं.

आता शब्द काय सांगतात ते बघा. एक माणूस बायकोला म्हणतोय, तुला वागवायला हवं होतं तसं मी वागवलं नसेन, जमलं असतं तेवढं प्रेम केलं नसेन. तू एकटी होतीस तेव्हा जवळ घेतलं नाही. तू माझी आहेस याचा मला किती आनंद आहे, ते कधी बोललो नाही. बारीकसारीक गोष्टी बोलायच्या राहिल्या, करायच्या राहिल्या, वेळच काढला नाही. पण मनात मात्र सारखी तूच होतीस. सकाळी चर्चमध्ये ‘हो’ म्हणालेल्या मुलीला संध्याकाळी हे ऐकवायचं, म्हणजे दुकानाच्या उद्‌घाटनालाच उधारीची वही वाचून दाखवायची!

तेव्हा पहिला सल्ला हाच. लग्नात हे गाणं घेऊ नका. लग्नाच्या रौप्यमहोत्सवाला घ्या, चाळिसाव्या वाढदिवसाला घ्या. जोडप्यात थोडं उणंदुणं साचलेलं असलं तरच या गाण्याला बसायला जागा मिळते.

मी वसईचा. शनिवार-रविवार बँडमध्ये गिटार वाजवतो आणि गातो, मधल्या दिवसांत घरी मुलांना गिटार शिकवतो. आमच्या भागात कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं गिटारवालं संगीत, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बोटीवर आणि आखातात नोकऱ्या केलेल्या बापांनी कॅसेटी आणल्या, त्यामुळे तिकडचा गायक जिम रीव्हज आमच्या कानाला पाहुणा वाटत नाही. निर्मळ असो, आगाशी असो की पापडी, हॉलमध्ये बँड लागला की कुणीतरी मामा ग्लास सांभाळत स्टेजपाशी येऊन जुनं कंट्री मागतोच. त्यात या गाण्याचा नंबर वरचा. गाणारेही भरपूर, पण नव्वद टक्के लोक एल्विसची नक्कल करतात आणि उरलेले यूट्यूबवरच्या कॅराओके ट्रॅकमागे धावतात. हे गाणं नकलेने उभं राहत नाही. आतापर्यंत शेकडो जणांनी ते रेकॉर्ड केलंय, आणि ज्यांचं टिकलं त्या प्रत्येकाने आधी एक गोष्ट ठरवलेली ऐकू येते: माफी मागणारा माणूस कोण, आणि समोरची बाई अजून घरात आहे की निघून गेली. एवढं पक्कं केलंत की पट्टी, लय, दम, सगळं त्यामागून येतं.

गाणं जन्मलं कसं

हे माहीत असलं की गायला मदत होते, म्हणून थोडं सांगतो. मूळ गाणं वेन कार्सनचं. हा मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफिल्डचा गीतकार, ‘द लेटर’ हे बॉक्स टॉप्स या बँडचं १९६७ चं गाजलेलं गाणंही त्याचंच. कामासाठी तो टेनेसीतल्या मेम्फिसला जायचा. एकदा तिथला मुक्काम लांबला, बायको फोनवर चिडली. हा तिला म्हणाला, मी फार दिवस बाहेर आहे हे मान्य, पण सारखा तुझाच विचार करत होतो. वाक्य तोंडातून निघालं आणि त्याला गाणं दिसलं. मग त्याने काय केलं? फोन घाईघाईने ठेवला, कारण हे गाण्यात घालायचं होतं! ही हकीकत त्याने स्वतः सांगितलेली आहे. बायकोकडे दुर्लक्ष झालं याबद्दलचं जगातलं सर्वांत गाजलेलं गाणं बायकोचा फोन ठेवून सुचलंय. मी शिकवताना हे हमखास सांगतो, कारण गाण्यातल्या माणसाचा पूर्ण स्वभाव त्यात आला. तो लबाड नाही. प्रेमही खरं आहे. फक्त कामापुढे त्याला घर दिसत नाही.

कार्सनकडे दोन कडवी होती आणि तो त्यावर खूश होता. मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओचा चिप्स मोमन त्याला म्हणाला, याला मधला भाग हवा. आमच्या भाषेत ‘ब्रिज’. कार्सनचं मन नव्हतं. शेवटी जॉनी ख्रिस्तोफर आणि मार्क जेम्स यांनी हात लावला. मार्क जेम्स म्हणजे एल्विसचं ‘सस्पिशस माइंड्स’ लिहिणारा. तिघांनी मिळून तो छोटासा तुकडा केला, ज्यात माणूस पहिल्यांदा काहीतरी विचारतो: तुझं प्रेम अजून संपलेलं नाही ना, सांग. एक संधी दे.

हा तुकडा नसता तर गाणं नुसतं स्पष्टीकरण झालं असतं. दोन कडव्यांत तो स्वतःविषयीच बोलतो. ब्रिजमध्ये पहिल्यांदा तो तिच्याकडे वळतो. गाताना हा फरक दाखवता आला नाही तर बाकी कितीही सुरात गा, लोक केक खात राहतात.

कुणाकुणाचं ऐकायचं, आणि नेमकं काय

एका बैठकीत सगळी ऐकू नका, डोक्यात भेसळ होते. रोज एक ऐका, हेडफोन लावून, आणि एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा: ती बाई आता कुठे आहे?

१९७२ हे या गाण्याचं वर्ष. ग्वेन मॅक्रेची सोल ढंगाची रेकॉर्ड त्या वर्षी मार्चमध्ये आली, त्यामागून ब्रेंडा लीची. दोघी बायका. बायकांनी हे गायलं की गाण्याचा तोल बदलतो. एरवी पुरुष ‘चुकलं माझं’ म्हणाला की हॉल ‘आ’ करतो. बाई तेच म्हणाली की ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो की हिचं कुठे काय चुकलं असेल बुवा. ब्रेंडा लीची रेकॉर्ड गाजलेल्या कंट्री गाण्यांच्या यादीत ४५ व्या क्रमांकाच्या वर गेली नाही, पण गाणाऱ्या मुलींनी ती आवर्जून ऐकावी.

मग एल्विस. त्याने हे २९ मार्च १९७२ ला हॉलिवूडमधल्या आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत रेकॉर्ड केलं. त्याची बायको प्रिसिला घर सोडून गेली त्याला जेमतेम महिना झाला होता. अमेरिकेत ही रेकॉर्ड ‘सेपरेट वेज’ या गाण्याच्या दुसऱ्या बाजूला निघाली, ब्रिटनमध्ये मात्र हीच बाजू चालली आणि नवव्या क्रमांकापर्यंत गेली. पुढे २०१३ मध्ये तिथल्या आयटीव्ही वाहिनीने लोकांना त्यांचं आवडतं एल्विस गाणं विचारलं, तर हेच पहिलं आलं. ऐकताना सुरुवातीकडे लक्ष द्या. तो जवळजवळ बोलतो. आवाज छातीत ठेवलेला. मग ड्रम्स आणि कोरस मागून भरत येतात तसा तो मोठा होत जातो. ती बाई निघून गेलेली आहे हे त्याला माहीत आहे, आणि ऐकणाऱ्यालाही. नक्कल करणारे नेमकी शेवटची उंची उचलतात आणि सुरुवातीचा बोलका भाग सोडून देतात. वर चढायला आधी खाली असावं लागतं, एवढं साधं आहे.

आता कंट्री गायक विली नेल्सन, आणि इथे जरा थांबा, कारण माझ्या मते गाणं त्याचंच आहे. साल १९८२. विली तेव्हा पन्नाशीला टेकलेला. तो आणि दुसरा कंट्री गायक मर्ल हॅगार्ड एकत्र अल्बम करत होते, तिथे जॉनी ख्रिस्तोफरने हे गाणं आणलं. हॅगार्डने फारसा उत्साह दाखवला नाही, विलीने उचललं. आणि निर्माता कोण? चिप्स मोमन. ज्याने ‘ब्रिज हवा’ म्हणून हट्ट धरला होता, तोच दहा वर्षांनी विलीच्या रेकॉर्डवर बसलेला. गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं, सर्वसाधारण यादीत पाचवं आलं, आणि १९८३ मध्ये त्याला ‘साँग ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालं. गाणं पहिल्यांदा बाजारात आल्यावर अकरा वर्षांनी!

विली कसं गातो? पियानो सुरू होतो आणि तो ठेक्याच्या जरा मागेपुढे शब्द ठेवतो. सम पकडायची त्याला घाई नाही. सूर लांबवत नाही, शब्द संपला की सोडून देतो. आवाज नाकात आहे, कंप फारसा नाही. त्याच्या गाण्यातली बाई माझ्या कानाला तरी घरातच आहे, पलीकडच्या खोलीत. भांडण झालेलं नाही. नुसती वर्षं गेलीत.

एक बारकावा दाखवतो, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या कडव्यात दोन कबुल्या आहेत: नीट वागवलं नाही, आणि पुरेसं प्रेम केलं नाही. एल्विस आधी वागवण्याचं म्हणतो, मग प्रेमाचं. विली उलट करतो, सुरुवातच प्रेमापासून. ही अदलाबदल छोटी वाटते. पण एल्विसचा माणूस हलक्या गुन्ह्यापासून भारी गुन्ह्याकडे जातो, चाचपडत. विलीचा माणूस पहिल्याच वाक्यात सगळ्यांत अवघड गोष्ट बोलून मोकळा होतो आणि नंतर आवाज चढवायची त्याला गरजच उरत नाही. दोन्ही लागोपाठ ऐका. मग तुमचा माणूस कुठून सुरुवात करेल ते बघा. हे आधी ठरवा, कारण स्टेजवर ओळी मिसळल्या की सावरता येत नाही.

पेट शॉप बॉइज या ब्रिटिश जोडीची रेकॉर्ड ऐकून आमच्याकडचे जुने लोक नाक मुरडतात. कंट्री गाण्याचा डिस्को केला म्हणून. मी म्हणतो, ऐकाच. एल्विसच्या मृत्यूला दहा वर्षं झाली म्हणून १९८७ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर कार्यक्रम झाला, त्यासाठी नील टेनंट आणि ख्रिस लो यांनी हे केलं. लोकांना आवडलं म्हणून रेकॉर्ड काढली आणि ती त्या वर्षीच्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होती. अमेरिकेतही चौथ्यापर्यंत गेली. सिंथेसायझर ढोल वाजवल्यासारखा पुढे चाललाय आणि टेनंट कोरड्या, सपाट आवाजात तेच शब्द म्हणतोय. ऐकताना अंगावर येतं ते हे, की शब्द जवळजवळ तेच आहेत, आणि तरी हा माणूस माफी मागत नाहीये. पाठ केलेलं बोलतोय. बाईने ऐकलं काय आणि नाही काय, त्याला फरक पडत नाही. आपल्याला तसं गायचं नाही, पण हे शब्द कोरडे पडले तर काय होतं हे कळायला यापेक्षा चांगला धडा नाही. कॅराओकेला नव्वद टक्के लोक नकळत हेच करतात, फक्त टेनंटने ते मुद्दाम केलं आणि म्हणून ते भारी आहे.

वेळ असेल तर कंट्री गायिका लोरेटा लिनचंही शोधा, २०१६ च्या ‘फुल सर्कल’ अल्बममधलं. ऐंशी ओलांडलेली बाई गातेय. तिथे संधी मागण्याचा प्रश्नच उरत नाही, जे आहे ते सांगून टाकणं आहे. मायकेल बुब्लेचं ऐकलं नाहीत तरी चालेल. गुळगुळीत आहे.

पट्टी, कॉर्ड, दम

पट्टी पहिल्या ओळीवरून ठरवू नका. पहिली ओळ खालून चालते, तिथे सगळ्यांनाच आपण एल्विस वाटतो. ब्रिज गाऊन बघा. तिथला सगळ्यांत वरचा सूर घसा न ताणता, घरात कुणी झोपलेलं असताना म्हणतो तशा आवाजात लागला पाहिजे. लागत नसेल तर पट्टी खाली आणा. लाज वाटायचं कारण नाही. हे गाणं वरच्या पट्टीत गाऊन कुणाला बक्षीस मिळत नाही.

गिटारवर डीमध्ये वाजवतात, म्हणजे पेटीवाल्यांची पांढरी दोन. कडव्याच्या सुरुवातीला कॉर्डपेक्षा खालचा बेस महत्त्वाचा आहे: डी, सी शार्प, बी, ए, मग जी. एकेक पायरी खाली. माणूस कबुली देतोय आणि खालचा सूर त्याच्याबरोबर जिना उतरतोय. नुसते डी, ए, बी मायनर असे ढोबळ कॉर्ड मारलेत तर गाणं ओळखू येईल, पण हा जिना जाईल आणि गाण्याचा जीव त्यातच आहे. ए कॉर्डच्या खाली सी शार्प धरणं नव्या मुलांना जड जातं. त्यांना मी जीच्या आकारात वाजवायला सांगतो. जी, मग डी कॉर्ड पण खाली एफ शार्पचा बेस, ई मायनर, जीचाच कॉर्ड खाली डी ठेवून, आणि सी. बोटांना सोपं पडतं आणि मोकळ्या तारा छान वाजतात. कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, गिटारच्या पाचव्या घरात लावला की सी येतो, तिसऱ्या घरात लावला की बी फ्लॅट. भारदस्त आवाजाच्या पुरुषांना बी फ्लॅट बरोबर बसतो.

कॉर्ड बदलताना जोरात झटका देऊ नका. अंगठ्याने बेस, तीन बोटांनी वरच्या तारा, एवढंच. ड्रमर असेल तर त्याला पहिलं कडवं हात बांधून बसायला सांगा. ड्रमर ऐकत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी सांगा. बँड ठेवायचाच असेल तर ब्रिजला आत घ्या, त्याआधी नाही.

दमाचं असं आहे. गाण्याचं नाव असलेली ओळ कडव्याच्या शेवटी दोनदा येते आणि दोन्ही वेळा लोक मधेच श्वास घेतात, ‘माय’ आणि ‘माइंड’च्या मध्ये. तिथे श्वास घेतला की वाक्य तुटतं आणि माणूस अडखळल्यासारखा वाटतो. श्वास ओळीच्या आधी भरून घ्या. ‘माइंड’ लांबवू नका. शेवटचा ‘ड’ ऐकू येऊ द्या आणि थांबा. पहिल्यांदा ती ओळ साधी म्हणा. दुसऱ्यांदा थोडं मागे रेंगाळलात तरी चालेल, कारण तोवर माणसाला स्वतःलाच पटायला लागलंय की हे कारण काही पुरेसं नाही.

आपल्या मुरक्या, हरकती कृपा करून घालू नका. गळा तयार असलेल्यांना मोह होतो, आमच्या चर्चच्या गायनमंडळातल्या मुलीही हात धुऊन घेतात. चूक कबूल करणारा माणूस हरकत घेत नाही.

आणि उच्चार तुमचेच ठेवा. टेक्सासचा हेल काढून वसईच्या हॉलमध्ये गायलात की पुढच्या रांगेतली पोरं हसतात, आणि बरोबरच हसतात. बायकांनी गाताना कडव्यातला ‘गर्ल’ शब्द काढून त्या जागी सरळ नवऱ्याचं नाव घ्यावं. एकदम जवळचं होतं.

स्वतः बायकोसाठी गायचं असेल तर

अशी माणसं माझ्याकडे येतात. गाणारी नसतात, एकच गाणं शिकायचं असतं. त्यांच्यातल्या एका काकांचं सांगतो. व्यापारी बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर होते, नऊ-नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर उभी हयात गेली. रौप्यमहोत्सव जवळ आला होता. मोबाइलवर व्हायोलिनवाला भरगच्च कॅराओके ट्रॅक घेऊन आले आणि म्हणाले, यावर बसवून दे.

ट्रॅक पहिल्या दिवशीच बंद केला. न गाणाऱ्या माणसाला ट्रॅक पळवतो. तो एक शब्द चुकला की पुढचा सापडत नाही. गिटारवाला थांबू शकतो, ट्रॅक थांबत नाही. म्हणून नवशिक्यांनी एकच वाद्य घ्यावं आणि वाजवणाऱ्याने ओठांकडे बघत वाजवावं.

मग काकांकडून कागदावर शब्द हाताने लिहून घेतले. छापील कागद नको. लिहिताना माणूस वाचतो. ते पहिल्या दोन ओळींपाशी अडले. मी विलीच्या क्रमाने सांगितलं होतं, प्रेम आधी. काका म्हणाले, “नाय रे. प्रेम कमी केलं असं मी पहिलंच नाय म्हणणार. घरी नव्हतो, हे खरं आहे. ते आधी म्हणतो.” पोरांची दोन्ही बाळंतपणं काकूंनी एकटीने काढली होती, काकांना दोन्ही बातम्या बोटीवर कळल्या. म्हणून त्यांनी एल्विसचा क्रम घेतला, आणि त्यांच्या तोंडी तोच शोभला.

बी फ्लॅट लावला. पहिल्या दोन ओळी गायच्याच नाहीत, बोलायच्या, असं ठरवलं. मागे फक्त बेस उतरतोय. तिसऱ्या ओळीपासून सूर. सूर थोडा खाली राहिला तरी मी बोललो नाही, पण ओळ घाईत म्हटली तर थांबवायचो. ब्रिजला ते ओरडत होते. घाबरलेला माणूस वर गेला की ओरडतो. त्यावर उपाय एकच, कागद बाजूला ठेवून ती ओळ मराठीत म्हणायला लावायची, स्वतःच्या शब्दांत, बायकोला म्हणतो तशी. “अजून आहे ना गं काही शिल्लक?” असं काहीतरी काका पुटपुटले आणि कान लाल झाले. मग तोच आवाज ठेवून इंग्रजीत म्हणा म्हटलं. आला. ही युक्ती कुणावरही चालते, तुमच्यावरही.

आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, महिनाभर पुरे. रोज घोकलंत तर शब्द घासून गुळगुळीत होतात आणि पेट शॉप बॉइजचा माणूस आत शिरतो. घरी सराव करायचाच असेल तर वाडीत जा, बायकोच्या कानावर पडू देऊ नका.

समारंभाच्या दिवशी काका पहिलं कडवं नीट म्हणाले. नावाची ओळ आली, मनात सारखी तूच होतीस, आणि काकू खुर्चीतून स्पष्ट म्हणाल्या, “अहो, मनात ठेवून काय उपयोग होता?” अख्खा हॉल हसला. मी गिटार थांबवली नाही, तोच कॉर्ड फिरवत राहिलो. काकाही हसले, डोळे पुसले, आणि दुसरं कडवं सोडून सरळ ब्रिजला गेले. तसं ठरलं नव्हतं, पण काकूंनी जे विचारलं त्याचं उत्तर तिथेच होतं. म्हणूनच सांगतो, वाजवणाऱ्याने गाणं कुठूनही कुठेही जोडता येईल इतकं पाठ ठेवावं.

स्टेजवरची किरकोळ पण महत्त्वाची कामं

साउंडवाल्याला इको कमी करायला सांगा. तो लग्नाच्या घोषणांसाठी इको वाढवून ठेवतो आणि बोललेल्या ओळी त्यात विरघळतात. माइक हनुवटीशी, तोंडाला चिकटवून नको. समोरचा मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, असेल तर त्यात स्वतःचा आवाज गिटारपेक्षा किंचित जास्त घ्या.

प्रस्तावना करू नका. सूत्रसंचालक हातात माइक आला की ‘आता एक अतिशय भावनिक क्षण’ म्हणतोच. त्याला आधीच समोसा देऊन बाजूला बसवा. ज्याच्यासाठी गाताय त्या माणसाला समोर उभं करू नका, खुर्चीवर बसू द्या. उभं केलं की त्याला हाताचं काय करावं कळत नाही, आणि सगळे त्याच्याकडे बघतात, गाण्याकडे नाही.

शेवट रेकॉर्डसारखा हळूहळू विरत नेता येत नाही, हॉलमध्ये ते फसतं. नावाची ओळ दुसऱ्यांदा म्हणून झाली की मूळ कॉर्ड एकदाच वाजवा, तारा वाजू द्या, मग हाताने बंद करा. कडवं परत घेऊ नका, कुणी ‘वन्स मोअर’ म्हटलं तरी. माफी एकदाच मागायची असते, आणि साडेतीन मिनिटांच्या वर तर नाहीच.

त्यानंतर पाच-सात सेकंद काही बोलू नका. मग ड्रमरला खूण करा आणि जाइव्ह नाचाचं गाणं लावा, चांगलं वेगवान. इतका वेळ हात बांधून बसलेला असतो, तो तुटून पडेल. लोकांनाही उठून नाचायला काहीतरी निमित्त हवंच असतं, आणि ज्यांचे डोळे भरलेत त्यांना घाम पुसायच्या नावाखाली रुमाल काढता येतो.